रोज सकाळी काळा चहा प्यायल्याने वजन कमी होते का? त्याचे फायदे-तोटे काय?

वजनाचं आधी सांगून टाकतो: नाही होत. दूध-साखर सुटली तर तेवढ्या कॅलरी वाचतात, बाकी चहाची करामत काही नाही.

तुम्ही ज्याला काळा चहा म्हणता त्याला आमच्या खानापूर तालुक्यात कोरा चा म्हणतात, आणि तो कुणी तब्येतीसाठी पीत नव्हतं. म्हशीचं दूध डेअरीला जायचं, घरात गुळाचा कोरा. आक्काला बघायला दाजी आले तेव्हा आई मागच्या दारानं शेजारी दूध मागायला गेली होती, मिळालं नाही. दाजींनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि विचारलं, "दूध नासलं काय?" आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. हेच दाजी आता पुण्यात बिनसाखरेचा 'ब्लॅक टी' पितात आणि घरच्या ग्रुपवर त्याचे बारा फायदे पाठवतात. दूध घातलं की चहाचं विष होतं म्हणे.

विष वगैरे काही नाही. ब्रिटनमधल्या जवळजवळ ५ लाख लोकांची पाहणी २०२२ मध्ये छापून आली. दिवसाला दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी दिसला, दूध घालणाऱ्यांतसुद्धा. (चहामुळंच कमी झाला, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.)

खरी गोम वेळेत आहे. चार वर्षांमागं आई दोन पायऱ्या चढली की धाप लागून खाली बसायची. बेळगावात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.२. बायकांना १२ तरी लागतं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. देणाऱ्या बाईंनी सांगितलं, "ऊटा आद मेले", म्हणजे जेवण झाल्यावर. आईला तेवढं कन्नड येतं, आणि तिनं ते तंतोतंत पाळलं. नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, वर कोरा चा, आणि गोळी त्याच चहाच्या घोटाबरोबर. तीन महिन्यांनी ८.५. गोळ्या फेकून देतेस काय म्हणून मी तिच्यावरच ओरडलो. तिनं काही न बोलता तांदळाच्या डब्यामागून रिकामी पाकिटं काढली आणि माझ्यासमोर एकेक मोजली.

दुसऱ्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" चहातलं टॅनिन भाकरी-आमटीतलं लोह धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही, गोळीचंही तेच. मटणातल्या लोहाला तेवढा अडथळा होत नाही, पण आमच्याकडं मटण जत्रेला. मग गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा जेवणानंतर दोन तासांनी सुरू केला. पुढच्या तीन महिन्यांत ११.४.

दाजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तुमच्याकडची पावडर हलकी असंल." भारी पावडरीत टॅनिन नसतं काय? दूध घालूनही हे नुकसान फारसं टळत नाही, म्हणजे इथं दुधाचा चा आणि कोरा चा सारखेच.

बाकी थोडक्यात. उपाशीपोटी ज्याला जळजळतं त्यानं घेऊ नये. मोठ्या कपात ४०-५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, गरोदर बाईनं दिवसाला २०० च्या आत राहावं. मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून प्यावा, चहात ऑक्झलेट असतं. आणि फार कढत पिऊ नका; ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेला बरी नव्हेत. हां, आईला त्याच वेळी जंताची गोळीही दिली होती, तेव्हा सगळं खापर चहावर फोडत नाही. धाप लागत असेल तर आधी रक्त तपासा, चहाचं मग बघू.

गेल्या दिवाळीला दाजी आले होते. जेवून हात पुसत म्हणाले, "मामी, एक ब्लॅक टी, बिनसाखरेचा."

आईनं घड्याळाकडं बघितलं. "चारला करते."