बी.कॉम.नंतर एम.ए.ला ‘ॲसेट प्राइसिंग आणि वित्तीय बाजार’ हा पेपर घेतलाय, गणित बारावीला सुटलंय. अभ्यास कसा करू? सरावासाठी ट्रेडिंग खातं उघडू का?

खात्याचं आधी सांगतो: उघडू नका, निदान या पेपरसाठी तरी नको. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअर वा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरच्या करारांमध्ये) उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ जण तोट्यात होते. पैशांचं एक वेळ सोडा, त्या खात्यावर या पेपरातला प्रश्नच समोर येत नाही. उद्या भाव कुठे जाईल हे इथे कोणी विचारत नाही. एक शेअर दुसऱ्यापेक्षा सरासरीने जास्त परतावा का देतो, आणि ती सरासरी आपल्याला मोजता तरी येते का, हे विचारतात. दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे, आणि बहुतेक विद्यार्थी तोच सोडून देतात.

पहिल्या आठवड्यात पुस्तक बाजूला ठेवून कागद-पेन्सिलीने एवढंच करा. पुढच्या वर्षी दोनच शक्यता धरा, सुकाळ किंवा दुष्काळ, दोन्हींची संभाव्यता निम्मी-निम्मी. दुष्काळात हातात आलेला रुपया जास्त मोलाचा, म्हणून त्याचं वजन १.१ धरा आणि सुकाळातल्या रुपयाचं ०.८. कुठल्याही मालमत्तेची आजची किंमत म्हणजे संभाव्यता गुणिले वजन गुणिले मिळकत, यांची बेरीज. दोन्ही वेळा १०० रुपये देणाऱ्या रोख्याची किंमत ९५ येते, म्हणजे व्याज सुमारे ५.३ टक्के. आता सुकाळात १२० आणि दुष्काळात ८० देणारा शेअर घ्या: ०.५ × (९६ + ८८) = ९२ रुपये. सरासरी मिळकत १००, परतावा ८.७ टक्के. मग उलट मिळकतीचा कागद, म्हणजे मालमत्ता, घ्या, सुकाळात ८०, दुष्काळात १२०: ०.५ × (६४ + १३२) = ९८. परतावा जेमतेम २ टक्के, बिनजोखमीच्या रोख्यापेक्षाही कमी.

दोन्ही कागदांची सरासरी तीच आणि चढउतारही तेवढाच, तरी किमतीत ६ रुपयांचा फरक. म्हणजे जोखीम नुसत्या चढउतारात नसते. वाईट दिवसांत तो कागद साथ देतो की सोडून जातो, यात असते. विमा लोक तोट्यात जाऊनही का घेतात, ते याच आकडेमोडीत आहे. सीएपीएम (जोखीम फक्त बाजाराच्या हालचालीवरून मोजणारं मॉडेल), फामा-फ्रेंच (त्यात कंपनीचा आकार आणि मूल्य हेही घटक धरणारं), उपभोगावर आधारलेली मॉडेलं ही सगळी त्या ०.८ आणि १.१ च्या जागी काय ठेवायचं याची वेगवेगळी उत्तरं आहेत. हे एकदा हाताने सुटलं की वर्गात फळ्यावर ‘स्टोकॅस्टिक डिस्काउंट फॅक्टर’, म्हणजे हीच वजनं, आला तरी बिचकायला होत नाही.

गणिताची भीती थोडी बाजूला ठेवा. पहिल्या सत्राला पुरेल इतकं हे: मॅट्रिक्सचा गुणाकार आणि व्यस्त, लॅग्रांज गुणक, सहविचरण (कोव्हेरियन्स), सशर्त अपेक्षा आणि साधं रिग्रेशन (आकड्यांमधून सर्वांत जवळची सरळ रेषा काढणं). रोज तासभर दिलात तर दोन महिन्यांत होतं. इतोचं सूत्र (सतत यादृच्छिक हलणाऱ्या भावांचं कलनगणित) ऑप्शन्स येतील तेव्हा पाहा, आत्ता त्याच्या मागे लागू नका.

आता खरं काम: एका शेअरचा बीटा, म्हणजे बाजार १ टक्का हलला की तो शेअर सरासरी किती टक्के हलतो हा आकडा, स्वतः काढा. रिलायन्स घ्या, जानेवारी २०२० ते डिसेंबर २०२४, ६० महिने. ६० परताव्यांना ६१ भाव लागतात, म्हणून डिसेंबर २०१९ अखेरचा भावही घ्यायचा. एनएसईच्या भावकॉपीतले (रोजच्या भावांच्या फाइलीतले) भाव समायोजित नसतात, म्हणजे बोनससारख्या बदलांसाठी जुने भाव दुरुस्त केलेले नसतात, आणि नेमक्या याच काळात या शेअरमध्ये सगळं घडलंय: मे २०२० मध्ये १५ शेअरमागे १ असा राइट्स इश्यू (जुन्या भागधारकांना नवे शेअर विकत घेण्याचा हक्क), जुलै २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक फुकट). कच्चे भाव घातलेत तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ५० टक्क्यांहून मोठी घसरण दिसेल, जिचा बहुतेक भाग कुणाच्याही खिशाला बसलेला नाही. समायोजन आधी स्वतः करून बघा आणि मग तयार समायोजित मालिकेशी ताडून पाहा. ग्रंथालयात सीएमआयईचा प्रोवेस हा कंपन्यांच्या आकड्यांचा डेटाबेस असेल तर उत्तम.

बाजार म्हणून निफ्टी ५० ची टोटल रिटर्न मालिका घ्या, नुसता निर्देशांक नको. नुसत्या निर्देशांकात लाभांश नसतो आणि वर्षाला एक-दीड टक्का हिशेबातून गळतो. बिनजोखमीच्या दरासाठी ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल. इथे हमखास एक चूक होते. बिलाचा दर वार्षिक असतो, परतावे मासिक. दर ६.६ टक्के असेल तर त्याला १२ ने भागून ०.५५ वजा करायचे असतात. कोणी ६.६ तसेच दोन्ही बाजूंतून वजा केले तर बीटा जवळपास तोच येतो, त्यामुळे संशय येत नाही. पण खरा बीटा १.२ असेल तर आल्फा (बीटाने समजावता न येणारा जादा परतावा) दरमहा १.२१ टक्क्यांनी फुगतो, आणि कंपनीत काहीतरी विलक्षण सापडलंय असं वाटायला लागतं.

रिग्रेशन एक्सेलमध्येही होतं, पण पुढच्या कामासाठी आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून घ्या. समजा बीटा १.२ आला. लगेच ‘आक्रमक शेअर’ असं लिहू नका, आधी प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते) बघा. बाजाराचं मासिक विचलन ५ टक्के आणि शेअरच्या उरलेल्या हालचालीचं ८ टक्के असेल तर त्रुटी ८ भागिले (५ × √६०), म्हणजे सुमारे ०.२. त्रुटीच्या दुप्पट दोन्हीकडे धरलं तर खरा बीटा ०.८ ते १.६ मध्ये कुठेही असू शकतो. आल्फाचं तर फारच वाईट: ८ भागिले √६० म्हणजे दरमहा १ टक्का, वर्षाला १२ टक्के निव्वळ त्रुटी. पाच वर्षं दरवर्षी १२ टक्के जादा कमावलेला शेअरही सांख्यिकीच्या नजरेत शून्यापासून वेगळा काढता येत नाही! ही ओळ तुमच्या प्रकल्पात असली तर परीक्षकाला कळतं की विद्यार्थ्याला विषय समजलाय.

मार्च २०२० मध्ये निफ्टी एका महिन्यात सुमारे २३ टक्के पडला. तो महिना गाळून रिग्रेशन पुन्हा चालवा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या. बीटा किती हलतो ते तुमचं तुम्हीच पाहा.

एका शेअरवरून अनेक शेअरांवर गेलात की दोन खड्डे लागतात. आजच्या निफ्टीची यादी घेऊन २० वर्षं मागे गेलात तर सत्यम, युनिटेक, सुझलॉन, येस बँक आपोआप गाळल्या जातात. उरतात त्या टिकलेल्या कंपन्या, आणि परतावा खोटा गोड दिसतो. त्या-त्या वर्षीची यादीच घ्या. दुसरा खड्डा तारखेचा. पुस्तकी मूल्यावरून (ताळेबंदातल्या भागधारकांच्या हिश्शावरून) पोर्टफोलिओ, म्हणजे शेअरांचे गट, करताना मार्चअखेरचा ताळेबंद १ एप्रिलला वापरता येत नाही, कारण वार्षिक निकाल जाहीर करायला कंपन्यांना ६० दिवस मिळतात. सप्टेंबरअखेर पोर्टफोलिओ बांधणं सुरक्षित. अमेरिकेतल्या पेपरांमध्ये जून असतो तो तिथल्या डिसेंबरअखेरच्या ताळेबंदामुळे; तो तसाच उचलू नका. भारतासाठी बाजार, आकार, मूल्य आणि मोमेंटम (आधी चढलेले शेअर पुढेही चढण्याचा कल) या घटकांची तयार मालिका आयआयएम अहमदाबादने उपलब्ध केली आहे. आधी स्वतः बांधून नंतर तिच्याशी सहसंबंध तपासा, आधीच उतरवून घेतलीत तर हातात काही उरणार नाही.

फामा-मॅकबेथ (१९७३) ही पद्धत नक्की विचारतात. आधी प्रत्येक पोर्टफोलिओचा बीटा, मग दर महिन्याला परताव्यांचं त्या बीटांवर रिग्रेशन, आणि शेवटी त्या मासिक उतारांची सरासरी व तिची त्रुटी. सुट्या शेअरांऐवजी पोर्टफोलिओ का, हे मात्र समजून घ्या: सुट्या शेअरचा बीटा वर पाहिला तसा धूसर असतो, आणि धूसर बीटा वापरला की जोखमीचा भाव, म्हणजे तो सरासरी उतार, शून्याकडे ओढला जातो. मग ‘सीएपीएम भारतात चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो, प्रत्यक्षात तो मोजमापाचा दोष असू शकतो. छोट्या कंपन्यांचे दैनिक आकडेही याच कारणाने टाळा. ज्या शेअरमध्ये दिवसेंदिवस सौदेच होत नाहीत त्याचा भाव बाजारामागून सरकतो आणि बीटा कमी दिसतो. मासिक आकडे घ्या, किंवा बाजाराचा आदल्या दिवसाचा परतावाही रिग्रेशनमध्ये घालून दोन्ही गुणकांची बेरीज करा.