‘मिंधं झाल्यासारखं वाटतं, मॅडम’

आखातात, युरोपात, जपानात नोकरीला गेलेली मुलं समुपदेशनासाठी माझ्याशी ऑनलाइन बोलतात, तेव्हा एकटेपणाच्या तक्रारीमागोमाग हे हमखास येतं: “इथले लोक घरी बोलावतात, पण जावंसं वाटत नाही. फेडणार कसं?” इतक्यांदा ऐकलं, की एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं.

सांगलीकडचा एक तरुण अभियंता ओमानमध्ये, निझव्याजवळच्या साइटवर होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शुक्रवार-शनिवार सुट्टी, खोलीत एकटा, झोप उडालेली. सोबतचा ओमानी सुपरवायझर दर शुक्रवारी जेवायला बोलवायचा आणि हा पोट बिघडल्याचं सांगायचा. एकदाच गेला होता, तेही मनात सलत होतं.

“काय झालं तिथे?”

“कॉफी संपली की लगेच ओतत होते. त्याचा धाकटा भाऊ किटली घेऊन समोर उभाच. मला वाटलं, माझी गंमत करताहेत.”

तिथला कहवा म्हणजे वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी, बिनकानाच्या एवढ्याशा कपात घोट-दोन घोट. सोबत खजूर. कप रिकामा झाला की ओतायचं, हा यजमानाचा रिवाज. पुरे झालं की पाहुण्याने कप हलकेच हलवून परत द्यायचा. आमचा अभियंता मात्र रिकामा कप नुसता पुढे धरत होता! हे कळल्यावर तो हसला, पण गाठ तिथे नव्हती.

“समज, तू त्यांच्याकडे जेवलास आणि कधीच फेडता आलं नाही. मग?”

“मिंधा होईन.”

“बरं, झालास. पुढे?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अकरावीपासून पुण्यात काकांकडे राहून शिकलो. तिसरी पोळी घेताना काकूच्या चेहऱ्याकडे बघायचो. एकदा ती काकांना म्हणाली, याच्यामुळे कणीक जास्त लागते. तेव्हापासून दोनच पोळ्या खातो. अजूनही.”

“आणि निझव्यात त्या गालिच्यावर बसलास, तेव्हा कुणाचा चेहरा बघत होतास?”

“काकूचाच,” तो म्हणाला आणि रडला. मी त्याला रडू दिलं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातले अवास्तव हट्ट शोधून ते तपासत काम करते, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला हट्ट मला आधी ऐकू येतो. ‘कुणाचंही देणं अंगावर राहता कामा नये’ हा त्याचा हट्ट. सोळाव्या वर्षी या हट्टानेच त्याचा स्वाभिमान सांभाळला होता. आता मात्र त्याला खोलीत कोंडून घातलं होतं. सतत नकार मिळाल्यावर तो सुपरवायझर मनात म्हणत असेल, ‘आमचं काय चुकलं?’ हे या तरुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मला तर वाटतं, थोडं देणं अंगावर राहतं म्हणूनच माणसं पुन्हा एकमेकांच्या दारात जातात. सगळे हिशेब चोख मिटवणाऱ्याला परत कोण कशाला बोलावेल?

पुढच्या शुक्रवारी तो गेला. कप हलवायला विसरलाच. त्या धाकट्या भावाने करून दाखवलं. मग जाणं नेमाचं झालं, आणि झोपही हळूहळू आली.

तुमचाही असाच पेच असेल, तर हे ओझं या घरातलं की जुन्या कुठल्या घरातलं, ते आधी तपासा. शाकाहारी असाल तर आमंत्रण घेतानाच सांगा. ताट मांडल्यावर सांगितलं तर यजमानाची पंचाईत होते. ओमानी घरी चपला बाहेर काढा, उजव्या हाताने घ्या. बायका बहुधा वेगळ्या बसतात, तेव्हा ‘घरचे सगळे बरे ना?’ एवढीच चौकशी पुरे. घरून आलेले लाडू जरूर न्या. महागडी भेट नको, तो परतफेडीचाच प्रकार होतो. एखाद्या शुक्रवारी खरोखर दमला असाल तर तसं मोकळेपणाने सांगा, पोटाची सबब पुढे करू नका. मात्र आमंत्रणामागोमाग पैसे, पासपोर्ट किंवा कुठल्या कागदावर सही मागितली जाऊ लागली, तर तिथे संकोच न बाळगता नाही म्हणा आणि ही गोष्ट त्याच दिवशी भरवशाच्या माणसाला सांगा.