मागे दोन टर्बो लावायचे असतील तर एक्झॉस्ट आणि पायपिंग कसं करावं?

भाऊ, तुमची गाडी ३ लिटरची व्ही-६ पेट्रोल, बॉनेटखाली पाना फिरवायला जागा नाही, म्हणून दोन्ही टर्बो मागे सायलेन्सरच्या जागी बसवून अर्धा बार बूस्ट (हवेचा जादा दाब) घ्यायचा, असं विचारलंय तुम्ही. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारं चाक, टर्बाइन, आणि त्याच दांड्यावर इंजिनात हवा दाबणारं दुसरं चाक, कॉम्प्रेसर. होतं हे काम. अमेरिकेत एसटीएस नावाच्या कंपनीने कॅमॅरो, कॉर्वेटसाठी असे किट विकलेलेच आहेत. माझं वर्कशॉप हिंगणघाटच्या बाजूला. रोजचं काम ट्रॉल्यांचं आणि सायलेन्सरचं, पण टर्बोचे पाइपही वाकवतो. म्हणून इकडच्या उन्हात आणि रस्त्यावर काय टिकतं तेवढं सांगतो.

सगळे आधी लॅगची, म्हणजे पाय दाबल्यावर बूस्ट उशिरा चढण्याची, भीती घालतात. हिशेब करून बघा. टर्बोपासून इंजिनपर्यंत हवेचा अडीच इंची पाइप चार मीटर धरला तर त्यात पावणेतेरा लिटर हवा मावते. अर्धा बार चढवायला अजून साडेसहा लिटरच्या आसपास लागते. तुमचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला ७५ लिटरपर्यंत हवा ओढतं. म्हणजे पाइप भरायचा मामला सेकंदाच्या दहाव्या भागाचाही नाही. खरा लॅग येतो एक्झॉस्ट वाटेत थंड होतो म्हणून. मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर काढणारा भाग) ८५० अंशांवरचा गॅस मागे ५५० वर आला, की त्याचं आकारमान चौथाईहून जास्त घटतं आणि टर्बाइन फिरवायचा जोर त्याच मापात जातो.

तेव्हा टर्बोच्या आधीचा पाइप मोठा घेऊ नका. ‘एक्झॉस्ट जितका मोठा तितका चांगला’ हे टर्बोनंतरच्या पाइपचं गणित आहे. टर्बोआधी प्रत्येक बँकेला (व्ही-६ मधली तीन सिलिंडरची एक बाजू) दोन इंची, जमेल तितका सरळ आणि उष्णता धरणाऱ्या पट्टीने, म्हणजे रॅपने, संपूर्ण गुंडाळलेला. टर्बाइन हाउसिंगही समोर बसवताना घेतलं असतं त्यापेक्षा लहान ए/आरचं (आतल्या गॅसच्या वाटेचं माप) घ्या. टर्बोनंतर अडीच इंची आखूड पाइप काढून मोकळे व्हा. दोन्ही बँकांच्या पाइपची लांबी सारखी ठेवा, नाहीतर एक टर्बो आधी चढतो आणि दुसऱ्याला उलटा दाबतो. दोन्ही वेस्टगेटला (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) दाबाची नळी एकाच ठिकाणाहून द्या, दोन्ही टर्बोंच्या हवेचे पाइप वायमध्ये जुळतात त्याच्यानंतर.

पाइप स्टेनलेस ३०४ चाच घ्या. माइल्ड स्टीलवर रॅप गुंडाळला की पावसाळ्यात तो ओल धरतो आणि त्याच्याखाली पाइप खाल्ला जातो. वरून काही दिसत नाही. पण ३०४ तापल्यावर चांगलाच वाढतो. तीन मीटर पाइप ४०० अंशांनी तापला तर २० मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं बोल्टने जखडली तर वेल्ड उकलतात नाहीतर मॅनिफोल्डचा फ्लँज तडकतो. म्हणून प्रत्येक पाइपला एक बेलो (लवचिक वळ्यांचा तुकडा) द्या आणि हँगर रबरावर, मागेपुढे सरकतील असे. टर्बोचं वजन मात्र पाइपवर टाकू नका, त्याला चेसिसवरून वेगळा ब्रॅकेट द्या. आपल्याकडचे विनापट्ट्याचे स्पीड ब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. पाच माणसं बसवून खालची उंची मोजा. टर्बो इंजिनच्या चेंबरच्या (ऑइल साठतं त्या) तळापेक्षा खाली लोंबायला नको.

चार्ज पाइप (दाबलेली हवा इंजिनकडे नेणारा) ॲल्युमिनियमचा, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूने न्या. दोन टर्बोंचे दोन इंची पाइप तिरप्या वायमध्ये जोडा आणि पुढे एकच अडीच इंची. समोरासमोर टी मारू नका. ३०० हॉर्सपॉवर धरली तरी त्यात हवेचा वेग सेकंदाला ४५-५० मीटरच्या आसपास राहतो, तीन इंचीची गरज नाही. ‘एवढा लांब पाइपच इंटरकूलरचं (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचं) काम करतो’ असं जे लिहितात, ते थंड मुलखात राहतात बहुतेक. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांची हवा अर्धा बारला दाबली की शंभरच्या घरात जाते, आणि खालून डांबर ६० अंशांनी भाजत असतं. बंपरमागे इंटरकूलर लावाच.

आता हवा ओढायची कुठून? चाकामागे उघडा फिल्टर लावलात तर उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात नाल्याचं पाणी सरळ कॉम्प्रेसरमध्ये. दिवाळीनंतर जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) रस्त्याने तर कापसाचे तंतू फिल्टरवर असे बसतात की तो वरून रजई पांघरल्यागत दिसतो. फिल्टर डिकीच्या बाजूच्या पॅनेलमध्ये वर चढवा, त्यावर जाळीचं कापड घाला, आणि तिथून खाली येणारी होज आत तार असलेली घ्या. साधी होज ओढीने चपटी होते.

ऑइलवर पैसे वाचवू नका, राजेहो. टर्बो मागे आणि इतका खाली बसतो, की ऑइल आपोआप चेंबरमध्ये परत येणार नाही. प्रत्येक टर्बोखाली लहान टाकी, तिथून स्कॅव्हेंज पंप (ऑइल ओढून इंजिनकडे परत पाठवणारा), आणि टर्बोकडे जाणाऱ्या लाइनमध्ये चेक व्हॉल्व्ह (इंजिन बंद असताना ऑइल अडवणारी झडप). हा व्हॉल्व्ह नसला तर इंजिन बंद केल्यावर ऑइल हळूहळू टर्बोत उतरतं. पंप बंद पडला की सीलमधून ऑइल गळून निळा धूर येतो. डॅशबोर्डवर पंपाचा दिवा लावा, धुराची वाट बघू नका.

मागेच पेट्रोलची टाकी असते. टर्बो आणि टाकी यांच्यामध्ये दोन पदरी पत्रा, पदरांमध्ये बोटभर हवा. आणि गाडी धुऱ्यावर, वाळलेल्या गवतात किंवा पऱ्हाटीवर उभी करू नका. टर्बाइन हाउसिंग जमिनीपासून वीतभरच वर असतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावर चालत नाही आणि विम्यातही अडचण येते. आधी आरटीओत विचारा, नाहीतर गाडी ट्रॅकपुरतीच ठेवा.

सुरू करायच्या आधी कॉम्प्रेसरचं तोंड टोपीने बंद करून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने एक बार हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. पाइपच्या टोकाला बीड (गोल उंचवटा) उठवलेली नसेल तर सिलिकॉन होज तिथेच निसटते, टी-बोल्ट क्लॅम्प कितीही आवळा. तुमच्या गाडीखालचे फोटो टाका, गाडीच्या तळातला मधला बोगदा किती रुंद आहे ते बघून बेलो कुठे बसेल ते सांगतो.