वडिलांचा सहवास कमी पडतो तेव्हा

“यांच्या ड्युटीमुळे मुलाला बाप असून नसल्यासारखा आहे. पुढे त्याचं काही बिघडणार तर नाही ना?” असा प्रश्न घेऊन एक आई माझ्याकडे आल्या होत्या. फिरतीची नोकरी करणाऱ्या किंवा परगावी राहणाऱ्या वडिलांच्या घरांतून ही काळजी वारंवार ऐकू येते, म्हणून ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हा अनुभव मांडत आहे.

मुलगा आठवीत होता. वडील एसटीचे चालक आणि बहुधा मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी निघालेली गाडी रात्री शेवटच्या गावात थांबे आणि पहाटे परत फिरे. वडील घरी आले की मुलगा आतल्या खोलीत जाई आणि ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे बोलत नसे. गणितातही तो मागे पडला होता. वडिलांनी ड्युटी बदलून घेतल्याशिवाय मार्ग निघणार नाही, अशी आईंची खात्री झाली होती.

मुलाशी मी स्वतंत्रपणे बोलले. तो म्हणाला, “बाबा आले की आई यादी काढते.” मोबाइल, अपुऱ्या वह्या, उलट उत्तरे, असे सारे दिवसेंदिवस साठवले जाई आणि मधल्या काळात ‘येऊ देत तुझ्या बाबांना’ हा धाक चालू राही. जागरणाने शिणलेले वडील चहा होण्याआधीच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले जात, दोन शब्द ओरडत आणि झोपी जात. वडिलांचा वेळ त्याला कमी मिळत होता हे खरेच. पण मिळत होता तोही झाडाझडतीत संपत होता.

मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात वडिलांच्या सहभागाचे तीन पदर सांगितले: मुलाबरोबर प्रत्यक्ष काही करणे, हाकेच्या अंतरावर असणे आणि मुलाच्या एखाद्या गोष्टीची काळजी स्वतःच्या डोक्यावर घेणे. फिरतीच्या नोकरीत पहिल्या दोहोंना मर्यादा पडते, तिसऱ्याला मात्र ती तितकीशी पडत नाही, आणि आपल्याकडे नेमका तोच पदर वडिलांच्या हाती क्वचित दिला जातो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर आईला १८० दिवसांची आणि वडिलांना १५ दिवसांची रजा मिळते. बाळंतपणानंतर आईला विश्रांती लागतेच, परंतु वडील म्हणजे मदतनीस, ही समजूतही त्यातून पहिल्याच महिन्यात पक्की होते, असे माझे मत आहे.

तिघांना एकत्र बसवले तेव्हा वडील फारसे बोलेनात. पहाटेच्या गाडीत कोण कोण असते, असे विचारल्यावर मात्र ते खुलले. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांसाठी वाटेवरच्या आया कापडी पिशवीत डबा देतात, पिशवीवर नावाची चिठ्ठी असते, आणि ते डबे जागेवर पोहोचतील हे चालक-वाहक पाहतात. कोणाचा उपवास आहे, कोणाची परीक्षा चालू आहे, हेही त्यांना ठाऊक होते. मुलगा हे प्रथमच ऐकत होता. “मग एखादा डबा न्यायलाच आला नाही तर?” हा त्याने वडिलांना आपणहून विचारलेला, बऱ्याच काळातला पहिला प्रश्न होता.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मुलाची चूक आईंनी त्या त्या वेळीच निस्तरायची, साठवायची नाही. शाळेची पालकसभा आणि सायकलची देखभाल पूर्णपणे वडिलांकडे द्यायची आणि त्यात आईंनी दुरुस्त्या सुचवायच्या नाहीत. हे त्यांना सर्वांत जड गेले. मुक्कामाच्या गावाहून वडिलांनी रोज फोन करायचा. सुरुवातीचे फोन ‘जेवलास का?’ यावरच संपत, तेव्हा मुलाची उलटतपासणी करण्याऐवजी स्वतःच्या दिवसातले काही सांगा, असे मी वडिलांना सुचवले. त्याचा उपयोग झाला.

घरात मारहाण किंवा व्यसन असेल तर हा सल्ला लागू नाही. तिथे मुलाची सुरक्षितता आधी येते. वडील हयातच नसतील तर मामा, आजोबा किंवा एखादे शिक्षक यांपैकी कोणीतरी अशी एखादी जबाबदारी सातत्याने घेतली, तरी मुलाला आधार मिळतो.

या मुलाचे गणिताचे गुण अजून फारसे वाढलेले नाहीत. शिकवणी लावावी की नाही, यावर मात्र आता तिघांची चर्चा चालू असते, आणि शिक्षकांना भेटायला रजा टाकून वडील स्वतः जातात.