लिव्हर एक, पेशंट दोन: इंग्लंडच्या मेडिकल मुलाखतीबद्दल भाचीला

तू लिहिलंस, 'मावशी, सरावाच्या मुलाखतीत सरांनी विचारलं, लिव्हर एकच आहे. पंचावन्न वर्षांचा माणूस, दारूनं लिव्हर गेलेला. आणि तिशीतली बाई, दोन लेकरांची आई. कुणाला देशील? मी आईला म्हटलं, तर सर म्हणाले, कच्चं उत्तर. मग पक्कं कुठलं?'

अगं, त्या माणसाचं नाव घेतलं असतंस तरी ते कच्चंच राहिलं असतं. इथल्या बहुतेक कॉलेजांत एमएमआय असते: थोड्या थोड्या मिनिटांची टेबलं, प्रत्येक टेबलावर नवा परीक्षक, नवा प्रश्न. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे. कशावरून निवडलंस, आणि तोच नियम उद्या तुझ्या बाबांवर उलटला तर चालेल का, ते आम्ही ऐकतो.

'दोन लेकरांची आई' म्हटलं की कुणाचंही मन तिकडे ओढलं जातं. पण मग मूल नसलेल्या बाईचा जीव स्वस्त का? 1962 मध्ये सिएटलला डायलिसिसची मशिनं मोजकीच होती. डॉक्टरांनी निवडलेल्या पेशंटांतून कुणाला मशिन द्यायचं, हे नागरिकांची एक समिती ठरवायची. लग्न झालंय का, मुलं किती, शिक्षण काय, मालमत्ता किती, असं सगळं बघून. ती माणसं दुष्ट नव्हती, पण अशा निकषांत आपल्यासारखी माणसंच लायक ठरतात. 1972 मध्ये अमेरिकन सरकारनं किडनी निकामी झालेल्या जवळजवळ सगळ्यांच्या डायलिसिसचा भार उचलायचा कायदा केला. म्हणून टेबलावर हेही विचार, की ही टंचाई मुळात का आहे, आणि ती कमी करता येईल का.

ब्रिटनमध्ये लिव्हरसाठी 2018 पासून गुण काढतात. लिव्हर मिळालं तर पुढच्या पाच वर्षांत पेशंट किती जगेल, नाही मिळालं तर किती. ज्याचा फरक मोठा, त्याचा नंबर आधी. दारूची चौकशी होते, पण शिक्षा म्हणून नव्हे. पुन्हा प्यायला लागला तर नवं लिव्हर टिकेल का, हे बघायला. आणि हा हिशोबही निर्दोष नाही: पाचच वर्षं मोजल्यामुळे तरुण पेशंट मागे पडतात, अशी टीका त्यावर झाली आहे. नियम सांगताना त्याची उणीवही सांग, परीक्षक मान वर करून बघेल.

समानता आणि न्याय यांतला फरक मात्र पुस्तकातून पाठ करू नकोस, तो तुझ्या घरचा आहे. आजीच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी यायचं. नळ सगळ्यांना एकाच वेळी सुटायचा, पण लोक मोटारी लावायचे आणि टोकाच्या म्हातारीच्या नळातून नुसती फुसफुस यायची. हंडा तसाच, तळाला ओंजळभर पाणी. आजीनं कट्ट्यावर सगळ्यांना बोलावून ठरवलं, म्हातारीचे दोन हंडे आणि बॅरल भरेपर्यंत मोटार कुणी लावायची नाही. मोठ्या कुटुंबांनी कुरकूर केली, भांडण मात्र झालं नाही, कारण नियम सगळ्यांसमोर ठरला होता. हे तुझ्या शब्दांत सांग. उजनी धरण कुठे आहे ते परीक्षकाला माहीत नसलं तरी बिघडत नाही.

नाइसबद्दल थोडं वाच. कुठलं औषध सरकारी खर्चानं द्यायचं हे ती संस्था 1999 पासून ठरवते. धडधाकट आयुष्याचं एक वर्ष केवढ्याला पडतं, असा तिचा हिशोब. यूकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, हा वेगळा विषय, त्याला पेपर सोडवत राहणं एवढाच उपाय.

एक गोष्ट बहुतेक मुलं विसरतात, आणि मला तीच सगळ्यांत जास्त ऐकायची असते: ज्याला लिव्हर मिळालं नाही, त्याच्यासाठी तू काय करशील? त्याचं दुखणं, त्याची झोप, त्याच्या घरचे.

रविवारी तिकडे संध्याकाळ झाली की फोन कर. पुन्हा सराव करू. त्या पंचावन्न वर्षांच्या माणसाची बायको मी होईन, तू डॉक्टर हो. नवऱ्याला लिव्हर मिळणार नाही, हे तू मला सांगायचंस.