मतपत्रिकेवर लिहिलं ‘धरण नको’

प्रश्न : सर, आमच्या गावामागच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) चिरेखाणी, म्हणजे जांभा दगडाच्या खाणी, सुरू झाल्यापासून दोन विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात. तीन वर्षं निवेदनं, उपोषण, तहसील कचेरीच्या चकरा चालू आहेत. आता गावातले म्हणतात, “ताई, पंचायत समितीला उभ्या राहा.” घरचे म्हणतात, उभी राहिलीस की लोक बोलणार, हिला हेच हवं होतं. मागे एका उत्तरात तुम्ही ऑस्ट्रेलियाचे पर्यावरणवादी नेते बॉब ब्राऊन यांचं नाव घेतलं होतं. ते आंदोलनातून सभागृहात कसे गेले, आणि जाऊन काय मिळालं?
— एक वाचिका, संगमेश्वर तालुका

उत्तर : ताई, ‘जाऊन काय मिळालं’ हे विचारलंत ते फार बरं केलंत. बहुतेक जण ‘कसे गेले’ इथेच थांबतात.

ब्राऊन यांची लढाई झाली त्या टास्मानियात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या बेटराज्यात, माझी लेक होबार्टला असते. तिच्याकडे चार महिने राहिलो तेव्हा हट्टाने स्ट्रॉन नावाच्या बंदरगावी गेलो आणि गॉर्डन नदीत बोटीने फिरून आलो. नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. बोटीवरच्या मुलाने काचेच्या पेल्यात काढून दाखवलं, उजेडात धरलं तर मधासारखं. वरच्या पाणथळ माळावरच्या गवताचा अर्क उतरून तो रंग येतो, मळ नव्हे. फ्रँकलिन ही या गॉर्डनला मिळणारी नदी. तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री रॉबिन ग्रे तिला जळवांनी भरलेला तपकिरी चर म्हणाले होते. हा चर बुडवून गॉर्डनवर धरण बांधायचं होतं, १८० मेगावॉट विजेसाठी. आमच्या कोयनेच्या दहाव्या हिश्श्याइतकीही वीज नाही ही.

ब्राऊन मूळचे टास्मानियाचे नव्हेत. न्यू साउथ वेल्समधल्या एका पोलिसाचा मुलगा, शिकून डॉक्टर झालेला, १९७२ मध्ये लॉन्सेस्टनला प्रॅक्टिस करायला आला. त्याच वर्षी तिथलं लेक पेडर हे गुलाबी वाळूचं सरोवर वीजप्रकल्पात बुडालं. ते वाचवायला निघालेल्यांनी जो पक्ष काढला, तो जगातला पहिला हरित पक्ष मानतात. निवडणुकीत त्याची एकही जागा आली नाही आणि सरोवरही गेलं. सुरुवात अशी सपशेल हरण्यापासून आहे, हे लक्षात ठेवा.

१९७६ मध्ये पॉल स्मिथ नावाच्या वनकर्मचाऱ्याने फ्रँकलिन रबरी होड्यांतून उतरायची टूम काढली. बरोबर यायला तयार झाले ते एकटे ब्राऊन. दोन आठवडे घळीघळींतून, माणसाचा मागमूस नसलेल्या रानातून गेले, आणि शेवटी गॉर्डनच्या वळणावर ऐकू आली खडक फोडणाऱ्या यंत्रांची धडधड. वीज मंडळाची पाहणी सुरू झाली होती. परतल्यावर लिफी गावच्या ब्राऊन यांच्या घरी मंडळी जमली आणि संघटना उभी राहिली. पुढे काही वर्षांत त्यांनी डॉक्टरकी सोडली.

मला सगळ्यात आवडतो तो १९८१ च्या डिसेंबरचा किस्सा. सरकारने जनमत घेतलं. मतपत्रिकेवर पर्याय दोनच, हे धरण की ते धरण. ‘धरणच नको’ हा रकाना छापलाच नव्हता! तेव्हा साधारण एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर आपल्या हाताने ‘धरण नको’ असं लिहून ठेवलं. एकूण ४५ टक्के मतपत्रिका बाद धरल्या गेल्या. आपल्याकडे ‘नोटा’चं बटण यायला २०१३ उजाडलं; या लोकांनी पेननेच बटण तयार केलं.

तरी ग्रे सरकारने काम रेटलं. १४ डिसेंबर १९८२ ला नदीवर नाकेबंदी सुरू झाली. बाराशेहून जास्त माणसं पकडली गेली. ब्राऊन यांनी होबार्टजवळच्या रिझ्डन तुरुंगात १९ दिवस काढले, आणि सुटका होते न होते तोच ते आमदार झाले.

कसे, ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. टास्मानियात तेव्हा एका मतदारसंघातून सात जण निवडून येत. मतं वाटून मोजण्याची पद्धत अशी की साधारण साडेबारा टक्के मतं पदरात पडली की एक जागा पक्की. १९८२ च्या निवडणुकीत ब्राऊन उभे होते, पण पडले. मग नॉर्म सँडर्स या आमदारांनी राजीनामा दिला. तिथे अशा वेळी पोटनिवडणूक होत नाही, जुन्याच मतपत्रिका पुन्हा मोजतात. त्या मोजणीत ब्राऊन लागले. तुमच्या पंचायत समितीच्या गणात निवडून येणार एकच, सर्वांत जास्त मतं घेणारा. साडेबारा टक्क्यांवर तुम्ही सरळ पडाल. तेव्हा त्यांच्या यशाचा हिशेब जसाच्या तसा आपल्याकडे मांडू नका. मोठ्या पक्षांनाही या पद्धतीची ठसठस होतीच. १९९८ मध्ये त्यांनी सभागृह ३५ वरून २५ जागांचं केलं आणि हरितांचे, म्हणजे ब्राऊन यांच्या पक्षाचे, आमदार चारचे एक झाले. ३५ जागा परत यायला २०२४ उजाडलं.

आता ‘मिळालं काय’. नदी वाचली, पण ती ब्राऊन यांच्या आमदारकीने नाही. मार्च १९८३ मध्ये देशाच्या निवडणुकीत बॉब हॉक जिंकले, त्यांनी धरण थांबवणारा कायदा केला, राज्य सरकार त्याविरुद्ध भांडलं आणि १ जुलैला हायकोर्टाने (तिथलं हे सर्वोच्च न्यायालय) चार विरुद्ध तीन मतांनी केंद्राच्या बाजूने कौल दिला. एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता तर फ्रँकलिन आज तळाशी असती. योगायोग असा की आपल्याकडे केरळातला सायलेंट व्हॅलीचा वीजप्रकल्पही त्याच वर्षी गुंडाळला गेला; तो तपासणाऱ्या समितीत आपले माधव गाडगीळ होते.

सभागृहातलं मिळणं मात्र अवघड. १९८७ मध्ये ब्राऊन यांनी सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी मागितली. दोन्ही मोठ्या पक्षांनी ती हाणून पाडली. नऊ वर्षांनी त्याच बेटावर पोर्ट आर्थरला एकाने ३५ माणसं मारली, मग देशभर कायदा कडक झाला. ब्राऊन समलिंगी आहेत हे त्यांनी १९७६ मध्येच जाहीर सांगितलं होतं, आणि टास्मानियात तो गुन्हा राहिला १९९७ पर्यंत. १९८९ मध्ये हरित पाच झाले, सरकार त्यांच्या टेकूवर आलं आणि लाकूडतोडीवरून ती सोयरीक मोडली. पुढे १९९६ पासून १६ वर्षं ब्राऊन सिनेटमध्ये, देशाच्या संसदेच्या वरच्या सभागृहात होते. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारला पाठिंबा देऊन त्यांच्या पक्षाने कार्बनवर टनामागे २३ डॉलरचा आकार लावून घेतला. जुलै २०१२ ला लागू झाला, २०१४ ला पुढच्या सरकारने काढून टाकला. म्हणजे आत मिळवलेलं पुसलं गेलं. बाहेरून, अनेकांनी मिळून थोपवलेलं धरण आजही नाही.

उभ्या राहू नका असं मी म्हणत नाही. पण २०१९ ची त्यांची चूक आधी वाचा. अदानींच्या कारमायकेल कोळसा खाणीविरुद्ध ते होबार्टहून गाड्यांचा ताफा घेऊन क्वीन्सलँडला गेले. खाणीवर पोट अवलंबून असलेल्या गावात हा ताफा शिरला, लोक भडकले, आणि खाणवाल्या राजकारण्यांना आयता प्रचार मिळाला. पुढच्याच महिन्यात देशाच्या निवडणुकीत मजूर पक्ष हरला. बरेच जण अजून त्या ताफ्याला बोल लावतात. मलाही तो ताफा अस्थानी वाटतो. खाण झालीच, २०२१ मध्ये कोळसा निघाला. तुमच्या गावात चिरेखाणीवर मजुरीला जाणारी, ट्रकचे हप्ते फेडणारी घरं किती? अर्ज भरण्याआधी त्या घरांत चहा घ्या. आकडा मला कळवा, मग पुढचं बोलू.

प्रश्न : याच ब्राऊन यांनी पवनचक्क्यांनाही विरोध केला म्हणे. मग यांना वीज हवी तरी कुठली?
— एक अभियंता, जळगाव

उत्तर : केला. टास्मानियाजवळच्या रॉबिन्स बेटावरच्या प्रकल्पाला, २०१९ मध्ये. कारण दिलं पक्ष्यांचं आणि निसर्गदृश्याचं. त्यांच्याच बाजूचे लोक चिडले. मी साताऱ्याचा, वनकुसवड्याच्या पठारावर पाती फिरताना वर्षानुवर्षं बघतो, मला ती खुपत नाहीत. पक्ष्यांचा मुद्दा मला पटतो, दृश्याचा नाही. पण ज्याने पहिली लढाईच ‘स्वच्छ’ जलविजेच्या विरोधात दिली, त्याच्याकडून वेगळं काय अपेक्षित होतं? ‘वीज कुठली’ याच्या आधी ‘कुठे’ हा त्यांचा प्रश्न, तेव्हाही आणि आताही. उपद्रवी प्रश्न आहे खरा.

प्रश्न : बक्षिसाचे पैसे ब्राऊन यांनी जमिनीत घातले असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : खरं, पण सातबारा स्वतःच्या नावावर करण्यासाठी नव्हे. १९९० मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, ४९ हजार डॉलरचा. लिफीतल्या रानाचे दोन तुकडे विक्रीला निघाले होते, लाकूडवाले टपलेलेच. ब्राऊन यांनी ती रक्कम इसार म्हणून भरली, बाकीची उसनवारी. त्यातून बुश हेरिटेज ही जमिनी विकत घेऊन राखणारी संस्था झाली. २०११ मध्ये तिथलं आपलं घर आणि भोवतालची जमीनही त्यांनी तिला देऊन टाकली.