ख्रिस्ती पालकाने नोकरी, मुले आणि मंडळीची सेवा यांत वेळेचे नियोजन कसे करावे?

नोकरी, मुलांची शाळा आणि मंडळीतील सेवा यांत दिवस पुरत नाही, मग नियोजन कसे करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरात राहतो, हिंगणा एमआयडीसीत नोकरी करतो आणि दोन मुलींचा बाप आहे. माझी अडचण नियोजन नसल्याची नव्हती, ते नको तितके असल्याची होती.

बुधवारी प्रार्थनासभा, शुक्रवारी गायनाचा सराव, शनिवारी मंडळीचे हिशेब, रविवारी उपासना आणि संडे स्कूल, असा आठवडा गच्च भरलेला असे. वेळेचा सदुपयोग करण्याविषयी बायबलमधील इफिसकरांस पत्रात (५:१६) जे सांगितले आहे, त्याचा अर्थ मी हाच लावत होतो. वास्तविक तेथील मूळ ग्रीक शब्द 'कैरॉस' हा घड्याळातील तासांचा नसून योग्य संधीचा आहे. एका शुक्रवारी उशीर झाला म्हणून मी धाकटीच्या सँडलचा पट्टा लावत "चल, चल" करीत होतो आणि ती शाळेतले काहीतरी सांगत होती. सदर भागातल्या सिग्नलवर गाडी थांबली तेव्हा मी विचारले, "काय म्हणत होतीस गं?" ती म्हणाली, "काही नाही, बाबा." ते काय होते, हे मला आजही ठाऊक नाही.

वहीत समास सोडतात, कारण बाईंचा शेरा तेथे यायचा असतो. बायबलमधील लेवीय १९:९ मध्ये शेताची कापणी अगदी धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) करू नये आणि सरवा (कापणीत गळून पडलेली कणसे) वेचू नये, अशी आज्ञा आहे. तेवढे पीक गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राखायचे असे, आणि म्हणूनच परदेशातून आलेल्या रूथ नावाच्या विधवेला बवाजाच्या शेतात सरवा वेचता आला. तेथे कोण येणार, हे पेरणाऱ्याला आधी माहीत नसते. मोकळा ठेवलेला वेळ म्हणजे स्वतःच्या विश्रांतीची सोय, असे पुष्कळजण मानतात. मला तो धुऱ्यावरच्या पिकासारखा वाटतो.

काय सोडावे, हे ठरवण्यासाठी मी एकच कसोटी लावली: ही सेवा मुलींना सोबत घेऊन करता येते का? गायन आणि रुग्णभेट राहिली, हिशेब सुटले. पाळकसाहेब काही दिवस नाराज होते. (पालक आणि पाळक यांत एका अक्षराचे अंतर असले, तरी दोघांची गरज नेहमी एक नसते.) गुरुवारची संध्याकाळ मात्र आम्ही पूर्ण रिकामी ठेवतो, आणि त्या दिवशी कोणी बोलावले, तर "आमचे ठरलेले आहे" एवढेच सांगतो, कारण ते खरेच असते.

मे महिन्यात गच्चीवर पाणी मारून, चटई टाकून आम्ही बसतो. बहुतेक गुरुवारी काहीच घडत नाही. गेल्या महिन्यात मात्र थोरली बराच वेळ चटईची काडी उपसत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं."